न मोजलेले अडीच व्होल्ट

नीती आयोगाने २०१६ साली अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू केली आणि आर्डुइनोसारखे बोर्ड अनेक शाळांत पोहोचले. विद्युतधारा मोजण्यासाठी त्यांच्याबरोबर पुष्कळदा एसीएस-७१२ हा संवेदक वापरतात. धारेमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र तो हॉल परिणामाने ओळखतो आणि त्या प्रमाणात विद्युतदाब देतो. संवेदक चांगलाच आहे. माझी तक्रार आहे ती त्याच्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या नमुना-प्रोग्रॅमविषयी.

त्यातील सूत्र असे : बोर्डाने वाचलेल्या आकड्याला ५ ने गुणा, १०२३ ने भागा, २.५ वजा करा आणि उरलेल्याला ०.१८५ ने भागा, उत्तर अँपिअरमध्ये. (हे ५ अँपिअरच्या प्रकारासाठी.) यातील ५ म्हणजे बोर्डाचा संदर्भ दाब आणि २.५ म्हणजे धारा शून्य असताना संवेदकाने द्यावयाचा दाब. दोन्ही गृहीत धरलेले, एकही मोजलेला नाही.

गंमत अशी की पुष्कळदा उत्तर बरोबर येते! या संवेदकाचा शून्य-दाब त्याच्या पुरवठ्याच्या निम्मा असतो, आणि दर अँपिअरमागे मिळणारा दाबही पुरवठ्याच्याच प्रमाणात कमी-जास्त होतो. संवेदक आणि बोर्ड एकाच तारेवर असतील, तर पुरवठा ५ ऐवजी ४.७ व्होल्ट असला तरी दोन्हीकडची चूक परस्परांना छेदते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हे ठाऊक असेलही. विद्यार्थ्याला ते कोणी सांगत नाही.

आता अकोला-वाशिम रस्त्यावरील मेडशीसारख्या गावात हा प्रयोग मांडला आहे अशी कल्पना करा. वीज गेली, म्हणून बोर्ड लॅपटॉपला जोडला. संवेदक पॉवर बँकेवर. बारीक, लांब केबलमुळे बोर्डाला ४.७ व्होल्ट मिळतात, संवेदकाला ५.१. संवेदक शून्य धारेला २.५५ व्होल्ट देतो, बोर्ड ५५५ हा आकडा वाचतो आणि प्रोग्रॅम सांगतो : १.१५ अँपिअर. मोजायची तार तर टेबलावर सुटी पडलेली आहे.

यावर नेहमीचा तोडगा म्हणजे सुरुवातीचे वाचन 'शून्य' मानून पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करणे. हा मला दोष झाकण्याचा प्रकार वाटतो. शून्य जागेवर येते, पण २ अँपिअर धारा २.१७ दिसते, कारण दाबांचे गुणोत्तर अजून चुकलेलेच आहे. मध्येच बोर्डावर सर्वो मोटर चालू केली आणि त्याचा दाब ४.६ व्होल्टवर आला, तर सुमारे ०.३ अँपिअरची भुताटकी पुन्हा उभी राहते. मग विद्यार्थी संवेदक बदलतो आणि नवाही तसाच वागतो.

दोष शोधायला एक मल्टिमीटर पुरतो. मोजायची धारा बंद ठेवून संवेदकाच्या पायांवरच पुरवठा मोजा, मग बाहेर येणारा दाब मोजा. दुसरा पहिल्याच्या निम्मा असेल, तर संवेदक निर्दोष आहे. पुरवठ्याकडे वळा आणि बोर्डाचा संदर्भ दाब मोजा. निम्मा नसेल, तर जवळपास चुंबक किंवा मोटर आहे का ते पाहा, भूतार तपासा, आणि मगच संवेदकावर संशय घ्या.

काही मंडळांत अडीच व्होल्ट दोन रोधांनी तयार करतात. १० किलोओहमचे दोन रोध ५ व्होल्टवर ठेवले की मध्ये २.५ मिळतात, पण त्या बिंदूवर १० किलोओहमचा भार पडला की उरतात १.६७. आधार म्हणून घेतलेल्या दाबातून धारा ओढू नये, हे जुन्या प्रयोगशाळांना पक्के माहीत होते. एडवर्ड वेस्टन यांचा १८९३ चा प्रमाण घट सुमारे १.०१८ व्होल्ट देई, आणि त्यातून धारा जवळजवळ वाहूच द्यायची नाही अशी शिस्त होती.

बारावीचा पोटेन्शिओमीटर हेच शिकवतो. दोन घटांची तुलना करताना तारेला पुरवठा करणारी बॅटरी दोन्ही वाचनांत स्थिर हवी. आपण तो धडा मार्कांपुरता शिकवतो आणि शेजारच्या टेबलावर ५ हा आकडा डोळे झाकून टाइप करू देतो.

जाता जाता : हा संवेदक आणि दहा-बिटी बोर्ड मिळून धारा सुमारे २६ मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी मोजतात. ०.३ अँपिअरच्या टॉर्चच्या दिव्याला जेमतेम अकरा पायऱ्या मिळतात. त्यासाठी एक ओहमचा रोध लावून त्यावरील दाब वाचला, तर एकसष्ट मिळतात.