गॅझेटमध्ये आजोबा सापडत नाहीत

२०२५च्या सप्टेंबरात 'गॅझेट' हा शब्द अचानक सगळ्यांच्या तोंडी आला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारने २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा जीआर काढला. मग बंजारा समाजानेही त्याच गॅझेटच्या आधारावर आदिवासींमध्ये समावेश मागितला आणि त्याविरोधात आदिवासींचे मोर्चे निघाले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक विचारत होते, हे गॅझेट म्हणजे नक्की काय, कुठे मिळतं, त्यात आपण आहोत का. माझ्या फोनमध्ये तेव्हा नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरची पीडीएफ दोन वर्षं पडून होती. अभ्यास म्हणून नव्हती ठेवली, जमिनीसाठी ठेवली होती.

आमचं गाव पेठ तालुक्यात. आजोबा जंगलकडेच्या तुकड्यावर नागली, वरई करायचे, आता बाबा करतात. वनहक्काचा दावा केला, तो वरच्या समितीकडून परत आला. शेरा होता, 'पुरावा अपुरा'. २००६च्या कायद्याखालचे २००७चे नियम काढून वाचले. तेराव्या नियमात पुरावा म्हणून काय काय चालतं याची यादी आहे आणि त्यात अगदी सुरुवातीला सरकारी कागदपत्रांत गॅझेटिअरचं नाव आहे. बाबा म्हणाले, "तू शिकला ना? बघ मग, आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय साहेबांनी."

म्हणून हे पुस्तक मी वाचलं. म्हणजे हे परीक्षण तटस्थ नाही, आधीच सांगून टाकतो.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड, नाशिक, १८८३. संपादक जेम्स कॅम्पबेल. सुरुवातीलाच फजिती झाली. फोनवर 'पेठ' इंग्रजीत टाइप करून शोधलं तर काही हाती लागेना. गोरा साहेब आमच्या पेठला 'पेंट' लिहायचा, तेही रंगाच्या डब्यासारखं नाही, मध्ये एक जादा अक्षर घालून. ते कळल्यावर पानांमागून पानं निघाली.

पुस्तक चांगलं आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. आपल्याकडे वसाहतवादी म्हटलं की न वाचताच पुस्तक बाजूला ठेवायची सवय लागली आहे. या खंडात घाट, नद्या, बाजार, पिकं, वजनमापं, येवल्याचं रेशीम, सगळं बारकाईने आलंय. पांडवलेण्यांचा भाग तर भगवानलाल इंद्रजींच्या अभ्यासावर उभा आहे. गोऱ्या साहेबांच्या पुस्तकात एका देशी पंडिताची विद्या अशी ठसठशीत दिसते, तिथे मी बराच वेळ रेंगाळलो. त्या लेण्यांत सातवाहन आहेत, शक आहेत आणि उत्तरेतून आलेल्या एका यवनाने कोरून घेतलेलं लेणंही आहे. नाशिक 'मूळचं कुणाचं' यावर भांडणाऱ्यांनी एकदा त्या डोंगराच्या पायऱ्या चढाव्यात.

माझी तक्रार मजकुराबद्दल कमी आहे, मांडणीबद्दल जास्त. खंडाची चौदा प्रकरणं आहेत. तिसरं लोकसंख्येचं, सातवं इतिहासाचं. तिसऱ्या प्रकरणात ब्राह्मणांपासून भिकाऱ्यांपर्यंत एकेक जात ओळीने उभी केलेली आहे. दिसतात कशा, घर कसं, खातात काय, लग्नं कशी लावतात. सगळं चालू वर्तमानकाळात. लोक खातात, पितात, नाचतात, देवाला कोंबडं देतात. त्यांच्या बाबतीत कधी काही घडत नाही. घडतं ते सातव्या प्रकरणात. तिथे राजे आहेत, पेशवे आहेत, इंग्रज फौजा आहेत आणि ज्यांनी हातात हत्यार घेतलं ते थोडे लोक आहेत. म्हणजे भिल्ल तिसऱ्या प्रकरणात कसा राहतो हे कळतं, आणि सातव्यात तो थेट बंडखोर म्हणून अवतरतो. मधला रस्ता, तो राहता राहता बंड करायला का निघाला, हा या दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत पडून आहे.

१८५७चं उदाहरण घ्या. त्या वर्षी सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोट्यात भागोजी नाईकाच्या भिल्लांनी लेफ्टनंट हेन्रीला मारलं. तारीख ४ ऑक्टोबर. पुढे दोन वर्षं भागोजी सापडला नाही. १८५९च्या नोव्हेंबरात सिन्नर भागातच फ्रँक सूटरच्या पोलिसांशी लढताना तो मारला गेला. त्याच १८५७च्या डिसेंबरात त्र्यंबक, हरसूल, पेठ हा आमचा सगळा पट्टा उठला, आणि पेठच्या घराण्यातल्या भगवंतरावाला फाशी झाली. आणि तिकडे उत्तरेत तेच बंड मोडल्यावर परागंदा झालेले विणकर खाली उतरत मोसम नदीकाठी मालेगावात येऊन राहिले. ही शेवटची हकिकत मालेगावच्या मोमीन घरांत अजून सांगतात. एकच वर्ष, एकच जिल्हा आणि तीन समाज. पुस्तकात यातलं बंड इतिहासात जातं, मोमीन मुसलमानांच्या यादीत जातात आणि त्यांचं कापड व्यापारात. वाचणाऱ्याला वाटावं, यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता.

पेठच्या संस्थानाबद्दल वाचताना तर मी अंथरुणात उठून बसलो. आमच्यावर राज्य करणारं घराणं मूळचं हिंदू, पुढे मुसलमान झालेलं. नावं मात्र भगवंतराव, नीळकंठराव अशी चालूच. शेवटी गादीवर एक बेगम होती. १८७८ला ती वारली आणि संस्थान खालसा होऊन इंग्रजांचा एक तालुका झालं. प्रजा कोण, तर कोकणा, महादेव कोळी, वारली. आम्ही कोकणासुद्धा दुर्गादेवीच्या दुष्काळात कोकणातून वर चढून आलो असं म्हातारे सांगतात. म्हणजे 'मूळचे' आम्हीही कुठून तरी आलेलोच. पेठला शाळेत असताना यातलं अवाक्षर कुणी सांगितलं नव्हतं. नाशिकचा इतिहास म्हणून जे शिकवलं ते गोदाघाट, पंचवटी, भगूर आणि विजयानंद थिएटर. २१ डिसेंबर १९०९ला तिथे 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. हे शिकवायलाच हवं. पण गुजरातच्या प्राचीन इतिहासाच्या गॅझेटिअरवर काम केलेल्यांत हाच जॅक्सन होता, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. ज्यांनी आमच्या याद्या केल्या आणि ज्यांनी आमच्यावर राज्य केलं ती माणसं एकच होती. यात नवल काही नाही, पण पानावर नाव दिसलं की अंगावर येतं.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाने नाशिकची सुधारित आवृत्ती काढली, १९७५ला. इथे माझी निराशा जास्त झाली, कारण अपेक्षा जास्त होती. भाषा मवाळ झाली आहे, बँका, सहकार, कारखाने आले आहेत. पण ढाचा ओळखीचाच. इतिहास वेगळा, लोक वेगळे, स्थळं वेगळी. या कप्प्यांत २ मार्च १९३० कुठे ठेवायचा? त्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो रेटून नेणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. रामनवमीला दगडफेक झाली, वर्षानुवर्षं दार उघडलं नाही आणि १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. हे राजकारण, की 'लोक', की मंदिराच्या 'स्थळा'ची माहिती? हेच दादासाहेब पुढे १९५९ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा करतात, तेव्हा ते प्रकरण शेतीचं होतं. देवळाच्या दारातून निघालेली गोष्ट जमिनीच्या सातबाऱ्यापर्यंत जाते, आणि ती सलग वाचायला मिळेल असं एकही प्रकरण या साच्यात बसत नाही.

हा दोष फक्त सरकारी पुस्तकांचा म्हणता येणार नाही. आपल्या चळवळींनीही आपापले कप्पे केले. नोव्हेंबर १९८०मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे रोखली. गोळीबारात शेतकरी मेले. निफाड-पिंपळगावच्या ज्या गावात जाल तिथे त्या दिवसांच्या गोष्टी निघतात. 'भारत विरुद्ध इंडिया' ही जोशींची मांडणी मला आजही धारदार वाटते. पण त्याच निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणीला, विरळणीला, डिपिंगला येणारी टोळी पेठ-सुरगाण्याची असते. माझी आई पंधरा हंगाम त्या टोळीत गेली. पावसाळ्यात घरात दाणे नसताना घेतलेली उचल फेडायला दिवाळीनंतर बागेत उभं राहायचं. बागायतदाराला भाव मिळाला नाही तर तो 'भारत'. मग हाताला औषध लागून सालपटं निघालेली माझी आई कुठे? या प्रश्नाचं उत्तर शेतकरी चळवळीच्या साहित्यात मला सापडलेलं नाही. वाइनच्या ब्रोशरमध्ये तर विचारूच नका.

६ मार्च २०१८ला नाशिकहून जो लाँग मार्च निघाला त्यात आईही होती. वनजमिनी आपल्या नावावर करा ही त्यातली मोठी मागणी. मुंबईत शिरताना दहावीच्या मुलांच्या पेपरला त्रास नको म्हणून हे लोक रात्रीतून चालत आझाद मैदानावर पोचले, हे तुम्ही तेव्हा स्टेटसला ठेवलं असेल. १२ तारखेला लेखी आश्वासन मिळालं. २०२३ला पुन्हा निघावं लागलं, वाशिंदपर्यंत. त्या फोटोंमध्ये लाल टोप्या आणि फाटलेले तळपाय आहेत, आणि फोटोखालच्या ओळीत सगळे जण फक्त 'शेतकरी'. गॅझेटिअरने आम्हाला फक्त जमात केलं होतं, बातम्यांनी फक्त शेतकरी केलं. कोकणा असणं, बागेतली मजूर असणं आणि जंगलजमीन कसणारी असणं ही तिन्ही एकाच बाईची कामं आहेत हे दोघांनाही पकडता आलं नाही.

कुणाला जमलंय का मग? माझ्यापुरतं उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळालं, एका माहितीपटात. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव', २००८. नासिर शेख आणि त्याचे मित्र सुपरमॅनची मालेगावी नक्कल बनवतात, एवढीच गोष्ट. सुपरमॅन झालेला शफिक यंत्रमागावर काम करणारा. पण त्या तासाभरात मागाची खडखड आहे, वीज जाणं आहे, नदीच्या अलीकडे मुसलमान आणि पलीकडे हिंदू असं वाटलेलं गाव आहे, शुक्रवारच्या सुट्टीला भरणारी थिएटरं आहेत. लोक, व्यापार, स्थळ आणि इतिहास एकाच फ्रेममध्ये. रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो मलाही आवडला, शेवटी रडलो. पण त्यात मैत्री पुढे येते आणि माग मागे सरकतो. मालेगाव थोडं 'कुठलंही छोटं शहर' होऊन जातं. ज्या गावात २००६ आणि २००८ला स्फोट झाले, २००६च्या प्रकरणात पकडलेले नऊ मुसलमान तरुण दहा वर्षांनी, २०१६ला आरोपमुक्त झाले, ते गाव कुठलंही नसतं. माहितीपट हे ओरडून सांगत नाही. पण त्यातल्या माणसांच्या विनोदाला जी कडवट चव आहे ती तिथूनच येते.

जिल्ह्यात आज दर चौघांत एक आदिवासी आहे. मालेगाव शहर २०११लाच पावणेपाच लाखांच्या वर गेलेलं. मनमाडला रेल्वेमुळे आलेले, देवळालीत छावणीमुळे, सातपूर-अंबडला एमआयडीसीमुळे. २०२२च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातमध्ये टाका अशी मागणी केली, तेव्हा चॅनेलवाल्यांना धक्का बसला. १९४८पर्यंत सुरगाणा वेगळं संस्थान होतं आणि शेजारचं डांग १९६०ला गुजरातेत गेलं तरी सोयरिकी चालूच राहिल्या, हे माहीत असतं तर बसला नसता. रस्ते आणि दवाखाना नाही, ही त्या मागणीची साधी कारणं होती. या सगळ्याचं एक नवं गॅझेटिअर कुणी लिहायला घेतलं तर माझी एकच विनंती आहे. तिसरं आणि सातवं प्रकरण एकत्र करा. पुस्तक बेढब होईल, होऊ द्या.

दाव्याचं सांगायचं राहिलं. पेठबद्दलची पानं छापून घेतली, नाशिकला एका झेरॉक्सवाल्याकडे, रंगीत नको साधीच. आमचे लोक त्या डोंगरात तेव्हाही होते एवढं त्यावरून दिसतं. कुठल्या तुकड्यावर कोण होतं ते दिसत नाही. त्या खालच्या समितीतल्या कारकुनाने पानं उलटसुलट केली आणि विचारलं, "यात तुमच्या आजोबांचं नाव कुठंय?" नाव नव्हतंच. मग त्याने सॅटेलाइटचा २००५चा नकाशा आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब जोडायला सांगितले. जबाब झाले आहेत. एका म्हाताऱ्याने बांधावरचं मोहाचं झाड आजोबांनी राखलं म्हणून सांगितलं, दुसऱ्याने त्यांच्या बैलांची नावं सांगितली. नकाशाची प्रत अजून यायची आहे.