वचनाचे निवासस्थान : शलमोनाच्या मंदिरापासून करिंथच्या मंडळीपर्यंत

प्रास्ताविक

ईश्वराने मनुष्यामध्ये वास करावा, ही आकांक्षा बहुतेक सर्व भक्तिपरंपरांमध्ये आढळते. देहालाच देऊळ मानण्याची कल्पना मराठी वाचकाला संतसाहित्यामुळे परिचित आहे. बायबलमध्येही ही आकांक्षा मध्यवर्ती आहे. मात्र तेथे तिला एक अट जोडलेली दिसते. देवाचा वास वास्तूच्या भव्यतेवर नव्हे, तर त्याच्या वचनाच्या पालनावर अवलंबून असतो, ही ती अट होय. प्रस्तुत लेखात '१ राजे' या ग्रंथातील मंदिरवर्णन, यिर्मया व यहेज्केल या संदेष्ट्यांची भूमिका आणि पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र यांच्या आधारे या अटीचे स्वरूप तपासले आहे.

बांधकामाच्या वर्णनातील खंड

'१ राजे'चा सहावा अध्याय हा मुख्यतः वास्तुवर्णनाचा आहे. ६० हात लांब, २० हात रुंद व ३० हात उंच अशा मंदिराचे माप, गंधसरूच्या फळ्या, सोन्याचा मुलामा असा सर्व तपशील निवेदक बारकाईने नोंदवतो. दगड खाणीतच घडवून आणल्यामुळे बांधकामाच्या जागी हातोडा, कुऱ्हाड किंवा कोणत्याही लोखंडी हत्याराचा आवाज ऐकू आला नाही, असेही तो सांगतो (६:७). या निःशब्दतेनंतर थोड्याच ओळींत वर्णन अचानक थांबते आणि देवाची वाणी ऐकू येते (६:११-१३). शलमोनाने देवाचे विधी व आज्ञा पाळल्या तर दावीदाला दिलेले वचन पूर्ण होईल आणि देव इस्राएल लोकांमध्ये वास करील, असा तिचा आशय आहे. त्यानंतर निवेदक पुन्हा फळ्यांकडे व लाकूडकामाकडे वळतो.

या ओळी सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक अनुवादात आढळत नाहीत. त्यामुळे त्या नंतरच्या संपादकाने घातल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. हे मत स्वीकारले तरी त्या ओळींचे महत्त्व कमी होत नाही. उलट मंदिरवर्णनावर मूळ ग्रंथातच केलेली ती पहिली टीका ठरते. येथील शब्दयोजनाही लक्षणीय आहे. आरंभी उल्लेख 'या घराचा' आहे, परंतु वासाचे आश्वासन घराविषयी नसून लोकांविषयी आहे.

गाभाऱ्यातील पाट्या

मंदिर पूर्ण झाल्यावर कराराचा कोश परमपवित्रस्थानात ठेवला जातो. त्या कोशात मोशेने ठेवलेल्या दोन दगडी पाट्यांशिवाय दुसरे काहीही नव्हते, असे निवेदक स्पष्टपणे नोंदवतो (८:९). म्हणजेच सोन्याने मढविलेल्या या वास्तूच्या अगदी आतल्या खोलीत मूर्ती नाही. तेथे लिखित आज्ञा आहेत. समर्पणाच्या प्रार्थनेत शलमोन स्वतःच कबूल करतो की, आकाशात न मावणारा देव या घरात मावणे शक्य नाही (८:२७). यावरून मंदिराची संकल्पना मुळातच वचनाशी निगडित असल्याचे दिसून येते. जेथे वचन जपले जाते तेथे देवाचा वास असतो, हे या रचनेचे सूत्र होय.

या सूत्राच्या कसोटीवर मंदिराचा निर्माताच अपुरा ठरतो. 'अनुवाद' या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजासाठी नियम आहेत. राजाने घोडे, स्त्रिया व सोनेरुपे यांचा संचय करू नये. नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी व ती आयुष्यभर वाचावी, असे तेथे म्हटले आहे. पुढे '१ राजे'च्या दहाव्या व अकराव्या अध्यायांत शलमोनाचे सोने, मिसरातून आणलेले घोडे व ७०० राण्या यांची यादी येते, तेव्हा ती वैभवाची यादी न राहता आज्ञाभंगाची यादी बनते. लबानोनात पाळीपाळीने पाठविलेल्या ३०,००० वेठकऱ्यांचा उल्लेखही याच संदर्भात वाचावा लागतो (५:१३-१४). शलमोनाच्या मृत्यूनंतर लोक रहबामाकडे जड जुवाची तक्रार करतात आणि राज्य दुभंगते. देवाचे घर बांधणारा मनुष्य स्वतः देवाचे निवासस्थान होऊ शकला नाही, हा या कथेतील खरा शोकात्म भाग आहे.

वास्तूवरील विश्वासाचा भ्रम

यहोयाकीमाच्या कारकिर्दीच्या आरंभी यिर्मयाने मंदिराच्या दारात उभे राहून हाच प्रश्न लोकांपुढे मांडला. मंदिर आहे म्हणून नगर सुरक्षित आहे, हा समज फसवा असल्याचे त्याने सांगितले (यिर्मया ७). येथे आज्ञापालनाचा अर्थ केवळ विधींपुरता राहत नाही. परदेशी, अनाथ व विधवा यांच्यावर जुलूम न करणे आणि न्यायाने वागणे, हा त्याचा गाभा आहे. या प्रवचनाबद्दल याजक व संदेष्टे यांनी त्याला पकडून मृत्युदंडाची मागणी केली (यिर्मया २६). पुढे इ.स.पू. ५८७-८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले.

यहेज्केलाच्या दृष्टान्तात देवाचे तेज मंदिरातून एकदम निघून जात नाही. ते उंबरठ्यावर थांबते, नंतर पूर्वेकडील वेशीजवळ थांबते आणि शेवटी नगराबाहेरच्या डोंगरावर जाते (१०-११). या संथ प्रस्थानात शिक्षेइतकीच अनिच्छाही व्यक्त होते. त्याच ठिकाणी, परदेशांत विखुरलेल्या लोकांसाठी देव स्वतःच अल्पकाळ पवित्रस्थान झाला, असे विधान येते (११:१६). संकटात सापडलेला प्रत्येक मनुष्य आज्ञाभंगी असतो, असा सोपा निष्कर्ष या अटीतून काढला जाण्याचा धोका आहे. उपर्युक्त विधान त्या निष्कर्षाला छेद देते, कारण येथे निर्वासितांनाच देवाच्या ठायी आसरा मिळतो. यिर्मया तर नियमशास्त्र दगडावर नव्हे, हृदयावर लिहिले जाईल अशी आशा व्यक्त करतो (३१:३३). पाट्यांची जागा हृदयाने घेतल्यावर गाभाराही हृदयातच येतो.

'तुम्ही' या सर्वनामाचा प्रश्न

पौलाने करिंथकरांस पहिले पत्र साधारणपणे इ.स. ५३ ते ५५ या काळात लिहिले. दुसरे मंदिर इ.स. ७० मध्ये नष्ट झाले. म्हणजे पत्रलेखनाच्या वेळी ते यरुशलेमात उभे होते. अशा वेळी करिंथमधील छोट्या, भांडखोर मंडळीला 'तुम्ही देवाचे मंदिर आहात' या अर्थाचे विधान करणे धाडसाचे होते (३:१६). त्यासाठी त्याने मंदिराच्या संपूर्ण आवारासाठी नव्हे, तर आतील पवित्र वास्तूसाठी वापरला जाणारा ग्रीक शब्द योजला आहे. मराठीत दोन्हींसाठी सामान्यतः 'मंदिर' हाच शब्द येत असल्याने हा भेद झाकला जातो.

सर्वनामाबाबतही असेच घडते. मराठीतील 'तुम्ही' आदरार्थी एकवचनही असू शकते. ग्रीकमध्ये मात्र येथे निःसंशय अनेकवचन आहे. पौल, अपुल्लोस व केफा यांच्या नावांनी गट पाडणाऱ्या समूहाला उद्देशून हे विधान आहे. त्यामुळे फूट पाडणे म्हणजे मंदिराची नासधूस करणे ठरते. सहाव्या अध्यायात हीच प्रतिमा शरीराला व व्यक्तिगत आचरणाला लागू केली आहे (६:१९). समूह व व्यक्ती असे दोन्ही स्तर येथे आवश्यक आहेत. व्यक्तिगत शुचितेपुरतेच हे विधान वाचल्यास त्याचा सामाजिक अर्थ हरवतो.

'१ राजे'मध्ये आधी अट व नंतर वास असा क्रम आहे. पौलाच्या लेखनात आधी ओळख व नंतर जबाबदारी असा क्रम दिसतो. मंदिर असल्यामुळे तसे वागावे, असा त्याचा युक्तिवाद आहे. येथे आज्ञापालन हे देवाला आत आणण्याचे मोल राहत नाही. लाभलेल्या वासाला साजेसे जगणे, असा त्याचा अर्थ होतो. योहानाच्या शुभवर्तमानात या दोन्ही क्रमांना जोडणारा दुवा प्रीती हा आहे. प्रीती करणारा वचन पाळतो आणि त्याच्याकडे पिता व पुत्र वस्तीला येतात (१४:२३).

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बायबलमधील निवासाची संकल्पना दगडाकडून हृदयाकडे जात असली तरी तिचे केंद्र बदलत नाही. पाट्या कोशात असोत वा आज्ञा अंतःकरणात लिहिलेल्या असोत, वचनाचे जतन हीच निवासाची खूण राहते. मात्र हे जतन म्हणजे केवळ पठण वा विधी नव्हे. परदेशी, अनाथ व विधवा यांच्याशी होणारा व्यवहार ही यिर्मयाने दिलेली कसोटी आणि समूहातील ऐक्य ही पौलाने दिलेली कसोटी, या दोन्हींवर ते तपासले जाते. ज्या श्रद्धावंत समाजाजवळ सुंदर प्रार्थनामंदिर आहे, त्यालाही या कसोट्यांपासून सूट नाही, हे शलमोनाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.