ताठ बसलेली माणसे : स्टुडिओ-छायाचित्रांतील बैठकीचा फेरविचार

जुन्या मराठी कुटुंबांच्या अल्बममध्ये एक छायाचित्र हमखास सापडते. खुर्चीत पागोटे घातलेला गृहस्थ, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, नजर थेट भिंगात. शेजारी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली पत्नी. मागे रंगवलेला पडदा. हसत कोणीच नाही. असे का, म्हणून विचारले की ठरलेले उत्तर मिळते : त्या काळी प्लेट मंद होती, हलले तर चेहरा पुसट येई, म्हणून माणसे लाकडासारखी बसत. काही वर्षांपूर्वी एका लेखात मीही हेच लिहिले होते. ते मत मी आज मागे घेते.

उत्तर अगदीच खोटे नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काही सेकंद निश्चल राहावे लागे. डोक्यामागे लोखंडी स्टँडचा चिमटा लावीत. बारकाईने पाहिल्यास त्याचे पाय कधीकधी माणसाच्या टाचांमागे दिसतात. पण १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कृती मांडली. पुढच्या दशकात अशा प्लेट तयार मिळू लागल्या आणि तो अवधी सेकंदाच्या अंशावर आला. आपल्याकडचा ताठपणा मात्र त्यानंतरही कित्येक पिढ्या टिकला. कारण संपूनही परिणाम उरत असेल, तर दुसरे कारण शोधायला हवे.

उलट बाजूचा पुरावाही आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्यासमोर बसणाऱ्यांना काही वेळा मिनिटे-मिनिटे थांबावे लागे, आणि डोक्याचा चिमटा त्यांना नको असे. १८६७ साली त्यांनी काढलेले जॉन हर्शेल यांचे छायाचित्र पाहावे. विस्कटलेले पांढरे केस, अंधारातून पुढे आलेला थकलेला चेहरा. त्यात लाकडीपणा कुठेच नाही. म्हणजे वेळ जास्त लागतो म्हणून माणूस ताठ होतोच असे नाही.

माझा स्वतःचा पुरावा घरचा आहे. वडिलांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. १९८०च्या आसपास, शाळा सुटल्यावर, फ्लडलाइट सरकवणे आणि टेबलावरचे जाड बांधणीचे पुस्तक पुसणे ही माझी कामे. तेव्हा शटर डोळ्याचे पाते लवायच्या आत मिटत असे. वडील सांगत, “जरा सैल बसा, खांदे सोडा, हनुवटी किंचित खाली.” माणसे ऐकत आणि पुढच्याच क्षणी पुन्हा ताठ होत. एकदा शेतमजुरी करणारी एक म्हातारी मुलाला घेऊन आली. वडील म्हणाले, “आजी, जरा हसा की.” ती म्हणाली, “हसायला काय झालं? ह्यो फोटू माझ्या माघारी भिंतीवर ऱ्हायाचा हाय.” डोक्यावरचा पदर नीट करून तिने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्या छायाचित्राला पुढे हार घातला जाणार हे तिला ठाऊक होते. बैठक कॅमेऱ्याने ठरवली नव्हती, वडिलांनीही नाही. ती तिने ठरवली होती.

हा फरक कळण्यासाठी दुसऱ्या टोकाची छायाचित्रे पाहावी लागतात. मुंबईचे छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांचे मुंबईतल्या जाती-जमातींवरचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. त्यांत एकीकडे टिपलेल्या माणसांच्या आकृती दुसरीकडे टिपलेल्या दृश्यांवर जोडल्या आहेत. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सरकारी संग्रह १८६८ ते १८७५ या काळातला. तिथेही माणसे स्थिर आणि गंभीर आहेत, पण चित्राखाली बहुधा जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. माणूस तिथे नमुना म्हणून बसवलेला आहे. वरवर पाहता ही बैठक आणि आजीची बैठक एकच. अर्थ मात्र उलटे.

याच्या शेजारी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातले १८८५चे प्रसिद्ध छायाचित्र ठेवावे. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत. परक्यांच्या कुतूहलाचा भाग तिथेही असणार. वेशाची ही मांडणी त्याशिवाय होत नाही. पण खाली प्रत्येकीचे नाव आहे, गाव आहे. एवढ्यानेही चित्र नमुन्याच्या यादीतून बाहेर येते.

म्हणून ताठपणा म्हणजे नेहमी सन्मानच, असे सरसकट म्हणणे ही दुसरी चूक ठरेल. खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्या पत्नीला बसायचे आहे का, हे बहुधा कोणी विचारलेले नसते. वडील निरक्षर बायकांच्या हाती तेच जाड पुस्तक देत. हात कुठे ठेवावेत हा फोटोतला सर्वांत अवघड प्रश्न, आणि पुस्तकाने तो सुटे. जिने ते मागून घेतले तिची ती इच्छा होती. जिच्या हाती दिले गेले तिच्यासाठी ते स्टुडिओचे सामान होते. नुसते चित्र पाहून हा भेद कळत नाही. फोटो कोणाच्या सांगण्यावरून काढला, पैसे कोणी दिले, तो कोणत्या भिंतीवर गेला, हे माहीत असावे लागते. छायाचित्रावरची आपली समीक्षा उजेड आणि रचना यांवर थांबते, ती इथवर यायला हवी.

वडिलांच्या पश्चात निगेटिव्हच्या पेट्या माझ्याकडे आल्या. पाकिटांवर फक्त पावतीचे आकडे आहेत. नावांची वही घर बदलताना गेली. त्या आजीची निगेटिव्ह मला सापडली. पदर, गुडघ्यांवरचे हात, सारे जसेच्या तसे. नाव मात्र नाही. जॉन्सनच्या पानावर निदान जातीचे नाव होते. माझ्या पाकिटावर ४१७ हा आकडा आहे. वाचकांना एवढीच विनंती की घरातले जुने फोटो या दिवाळीत खाली काढाल तेव्हा जाणत्या माणसाला शेजारी बसवा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नावे लिहून ठेवा.