कॅल्शियम गुणांक : मापनपद्धतीची एक मर्यादा

हृदयाच्या रोगग्रस्त धमन्यांत साचलेले कॅल्शियम मोजण्यासाठी आर्थर ॲगॅट्स्टन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते. सी.टी. स्कॅनवरील १३० हाउन्सफील्ड एकके वा त्याहून अधिक घनतेच्या प्रत्येक संचयाचे क्षेत्रफळ, त्याच्या कमाल घनतेनुसार, १ ते ४ या भारांकाने गुणून बेरीज केली जाते. अर्थात घनता वाढली की गुणांक वाढतो. परंतु अमेरिकेतील 'मेसा' अभ्यासाच्या २०१४ मधील निष्कर्षानुसार, आकारमान समान असता अधिक घनता कमी धोक्याशी निगडित आढळली. येथे पद्धतीचे मूळ गृहीतकच प्रश्नांकित होते. शिवाय त्या अभ्यासातील चार वंशगटांत दक्षिण आशियाई नव्हते. म्हणून मीरा-भाईंदरमधील रुग्णाच्या अहवालातही केवळ बेरीज पुरेशी नाही; आकारमान व घनता स्वतंत्रपणे नोंदविणे अगत्याचे ठरते.