हिस्टोन, क्रोमॅटिन आणि जनुकीय अभिव्यक्ती : भंडारा जिल्ह्यातील सिकलसेलच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयी शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली लिहिले. पाठ्यपुस्तके या आजाराचे कारण एका वाक्यात सांगतात : बीटा-ग्लोबिन साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. उत्परिवर्तन तेच असूनही एका रुग्णाला वारंवार वेदना होतात व दुसऱ्याचा आजार सौम्य राहतो, याचा उलगडा त्यातून होत नाही.

क्रोमॅटिनची भूमिका :
पेशीकेंद्रकात डीएनए मोकळा नसतो. आठ हिस्टोन रेणूंच्या गाभ्याभोवती त्याच्या सुमारे १४७ बेस-जोड्या गुंडाळलेल्या असतात. यालाच न्यूक्लिओसोम म्हणतात. कोसेल यांनी १८८४ मध्ये शोधलेली ही प्रथिने दीर्घकाळ केवळ बांधणीचे साहित्य मानली गेली. ऑलफ्री यांनी १९६४ मध्ये हिस्टोनच्या ॲसिटिलीकरणाचा संबंध जनुकाच्या सक्रियतेशी जोडला. ॲसिटिल गट जोडला गेला की हिस्टोनचा धनभार घटतो, डीएनएवरील पकड सैलावते आणि जनुकाचे वाचन सुलभ होते. डीॲसिटिलेज हे विकर तो गट काढून टाकते.

गर्भावस्थेत कार्यरत असलेले गॅमा-ग्लोबिन जनुक जन्मानंतर नष्ट होत नाही. ते मिटवून ठेवले जाते. बीसीएल११ए हे प्रथिन डीॲसिटिलेजयुक्त प्रथिनसमूहाच्या साहाय्याने हे कार्य करते. ज्या रुग्णांत हे जनुक अंशतः उघडे राहते, त्यांच्यात गर्भ-हिमोग्लोबिन रक्तपेशी विळ्यासारख्या होण्यास अटकाव करते. आजाराच्या सौम्यतेचे हे एक प्रमुख कारण आहे. अल्फा-थॅलेसेमियासारखी इतरही कारणे आहेतच.

'हिस्टोन संकेत' संकल्पनेच्या मर्यादा :
स्ट्राल व ॲलिस यांनी २००० साली मांडलेली 'हिस्टोन संकेत' ही संकल्पना आकर्षक असली तरी ती काटेकोरपणे तपासणे आवश्यक ठरते. हिस्टोनवरील खूण जनुक उघडते, की जनुक उघडल्यामुळे खूण उमटते, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट नसते. शिवाय डीॲसिटिलेज रोखणाऱ्या ब्युटिरेटने १९९०च्या दशकात काही रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन वाढवले. परंतु सर्वांचा प्रतिसाद सारखा नव्हता. कोणते जनुक मिटवायचे, ही निवड हिस्टोन स्वतः करत नाहीत. डीएनएचा विशिष्ट क्रम ओळखणारी प्रथिने ती करतात. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली जनुक-संपादन उपचारपद्धती हेच दर्शवते. तीत बीसीएल११ए जनुकाचा रक्तपेशींतील नियंत्रक भाग कापला जातो. म्हणजे या पद्धतीत मिटलेले जनुक उघडण्यासाठी बदल डीएनएच्या क्रमात केला जातो.

निष्कर्ष :
क्रम म्हणजेच नियती हे मत जितके एकांगी, तितकेच हिस्टोन म्हणजेच सर्वस्व हे मतही एकांगी होय. या नव्या उपचाराची अमेरिकेतील जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. ग्रामीण भंडाऱ्यातील रुग्णाला आज आधार आहे तो गर्भ-हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या गोळीचा आणि वेळेवर होणाऱ्या रक्ततपासणीचा. म्हणूनच येथील वर्गांत सिकलसेल शिकवताना 'एका अक्षराची चूक' एवढ्यावर न थांबता मिटलेल्या जनुकाचीही ओळख करून देणे आवश्यक आहे. दोष वारशाने आला तरी त्याची तीव्रता अटळ नसते, हे त्यातून विद्यार्थ्यांना व त्यांच्या कुटुंबांना उमगेल.