नवरी पुसट, बॅनर ठळक

मराठीत नाटकाचं परीक्षण होतं, सिनेमाचं होतं, दिवाळी अंकांचं तर इतकं होतं की अंक वाचायला कुणाला वेळ उरत नाही. लग्नाच्या व्हिडिओकडे मात्र समीक्षकांनी साफ दुर्लक्ष केलेलं आहे. वास्तविक सामान्य माणूस आयुष्यात ज्या एकाच चित्रपटाचा निर्माता होतो तो हाच. पैसे त्याचे, नायिका त्याची स्वतःची मुलगी, आणि परीक्षणाच्या नावानं शून्य! तेव्हा ही जबाबदारी मी, बी.कॉम. झालेला एक बँक कारकून, पत्करतो आहे. रुपये-पैशांखेरीज कशाचंही मूल्यमापन केल्याचा अनुभव माझ्या गाठीशी नाही. पण तेवढ्यानं आजवर कुणा समीक्षकाचं अडलेलं दिसत नाही.

प्रस्तुत चित्रपट घाटंजी तालुक्यातला, मे महिन्यातला. लांबी अडीच तास. पैकी चाळीस मिनिटं ड्रोनमधून. निर्माता म्हणजे वधूपिता आणि छायालेखक म्हणजे एक पंचविशीतला पोरगा, दोघंही आमच्या शाखेचे खातेदार. पोरानं मुद्रा योजनेतलं कर्ज काढून एक जुना ड्रोन घेतलेला. (पन्नास हजारांपर्यंत 'शिशु', त्यापुढं पाच लाखांपर्यंत 'किशोर'. त्यामुळे हा दाढीवाला इसम आमच्या दप्तरी किशोर आहे.) वधूपित्यांनी कापसाच्या पैशातून निम्मी रक्कम आधी दिली आणि उरलेले आठ हजार अडवून धरले. तिकडे पैसे अडले, इकडे हप्ता थकला, आणि हा कलाविषयक वाद माझ्या टेबलावर आला.

"साहेब, तुमीच पाहा न," वधूपिता म्हणाले. "माही पोरगी कोनती अन् करवली कोनती, मलेच वयखू येत नाही."

"मशीनचा फॉल्ट आहे न काका. म्या काय करू?" पोरगा म्हणाला.

आमच्या जिल्ह्याला ड्रोन नवा नाही. २०१८ साली पांढरकवडा-राळेगावच्या जंगलात अवनी वाघिणीला शोधायला हत्ती, कुत्रे, अत्तर यांच्या जोडीला ड्रोनही आले होते. शेवटी २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली ती जीपमधल्या माणसांनी. तेव्हापासून आमच्याकडे ड्रोनविषयी आदर पुष्कळ आहे, विश्वास बेताचा.

आता चित्रपटाकडे वळू. कथा सर्वांना ठाऊक आहे. आकाशातून मांडव दिसतो, भोवती नांगरून पडलेली शेतं. कायद्यानं हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत जाता येतं आणि छायालेखकानं त्यातला एक फूटही वाया घालवलेला नाही. तिथून नवरदेव तुरीच्या दाण्याएवढा दिसतो, आणि जेवायला बसलेली माणसं व ताटातला भात यांत फरक करता येत नाही. इथवर तक्रारीला जागा नाही. दाणा धूसर की ठळक, कोण विचारतो? पण वरमालेच्या वेळी कॅमेरा खाली येतो आणि नवरी साबणाच्या फेसातून पाहिल्यासारखी पुसट दिसते. नवराही तसाच. भटजी तर केवळ आवाजावरून ओळखायचे, आणि ड्रोनला आवाज घेता येत नाही.

पोराला मी दोन दिवस उलटतपासणीत धरलं. (लेजरमधला अकरा पैशांचा फरक शोधायला मी एकदा रात्रीचे दहा वाजवलेले आहेत.) असं कळलं की बरेचसे छोटे ड्रोन ठरलेल्या फोकसचे असतात. भिंग रुंद, आतला सेन्सर नखाएवढा. हात-दोन हातांपलीकडचं सगळं आपोआप ठळक. २०१६ साली आलेला फँटम ४ तसाच होता. त्याच साली आलेल्या मॅविक प्रोला मात्र पडद्यावर बोट लावून 'इथं पाहा' असं सांगावं लागे. पोराचा ड्रोन या दुसऱ्या जातीचा. असल्या यंत्राला माणसं कळत नाहीत. जिथं काळ्या-पांढऱ्याची कड कडक तिथं त्याचा डोळा बसतो.

मांडवाच्या दारात कडक काय होतं? शुभेच्छुकांचं फ्लेक्स बॅनर! पोरानं ड्रोन दारातच हातात धरला, उन्हात पडदा दिसेना, बोट लागलं ते बॅनरवर. दीड हातावरच्या एका नेत्याच्या मिशीवर कॅमेऱ्याची नजर ठरली, आणि तीच नजर घेऊन यंत्र आकाशात गेलं. मिशीचा केस न् केस मोजता येतो. नवरी मात्र मिशीच्या अंतरावर नव्हती, हा तिचा दोष.

म्हणजे यंत्र सुटलं? तसंही नाही. चित्राची डावी बाजू पहिल्यापासूनच अंमळ जास्त मऊ होती. मी पोराला बसस्थानकामागं नेऊन लांबच्या झाडांच्या रांगेवर बोट लावायला सांगितलं, मग ड्रोन जागच्या जागी फिरवायला लावला. झाडं डावीकडून उजवीकडे गेली. मऊपणा डावीकडेच राहिला. भिंग तिरकं! आधीच्या मालकानं कुठंतरी आपटलेलं असणार. त्यावर बोट लावून उपाय नाही. भिंगासकट कॅमेरा बदलायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारनं परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुट्या भागांना मुभा ठेवली. त्यामुळं हे काम नागपूरला होऊ शकतं. खर्च मात्र किशोराचं पुन्हा शिशु करील असा. राहिली दुपारच्या दृश्यांतली थरथर. ती मे महिन्यातल्या तापल्या जमिनीवरच्या हवेची. तिच्यावर नागपूरलाही इलाज नाही. शहाण्यानं सकाळी आठच्या आत उडवावं.

परीक्षणाच्या शेवटी मी तिघांना बसवून चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला. ड्रोन पोराच्या हातात आहे, अजून उडालेला नाही, ती पहिली पाच सेकंद आली. बॅनरखाली, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच दीड हातावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. हात कपाळाशी धरून ती त्या यंत्राकडे बघत होती. सुरकुती न् सुरकुती स्पष्ट, डोळ्यांत चक्क हसू.

"माय माही," वधूपिता म्हणाले. "थांबवा जरासं."

विधवा बाई म्हणून ती स्टेजकडे फिरकली नव्हती. खालच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या दोन तासांत ती कुठं नव्हती, अल्बमच्या चारशे फोटोंतही नव्हती. कुणी बोलावलं नाही आणि ती आली नाही. संबंध चित्रपटात धड टिपलेलं माणूस हे एवढंच.

वधूपित्यांनी खिशातून पाच हजार काढून टेबलावर मोजले.

"बाकीचे तीन?" पोरानं विचारलं.

"हा मायचा फोटो मोठा करून, फ्रेम लावून आन. मंग घेऊन जाय," ते म्हणाले. "अन् मांगचा तो मिशीवाला काढून टाकजो."