वेळ संपली, गुण मोजा

नाटकाच्या तिसऱ्या अंकाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कादंबरीचा शेवट कसा असावा, हे तर आम्हां लिहिणाऱ्यांना कोणी ना कोणी ऐकवीतच असतो. परंतु झुंजीच्या शेवटच्या मिनिटाविषयी कोणी समीक्षक लेखणी उचललेली मी पाहिली नाही. वास्तविक झुंज हीही एक रचनाच. तिला आरंभ असतो, मध्य असतो, आणि ती संपवावी कशी हा प्रश्न रचणाऱ्याला सुटता सुटत नाही. अलीकडे या रचनेचा एक नवा प्रकार आपल्या घरांत शिरला आहे. पडद्यासमोर बसून मुले चित्रांतल्या मल्लांना झुंजवितात. त्या खेळांच्या नियमांची एकदा नीट परीक्षा करावी, असे फार दिवस मनात होते. वडीलधाऱ्या वाचकांनी पान उलटण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की २०२३ साली हांगझौ येथे भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर’ या खेळालाही कुस्तीसारखीच पदके होती, आणि त्यातले सुवर्णपदक जिंकणारा कोरियाचा किम ग्वान-वू ४४ वर्षांचा होता. माझ्यासारख्या चाळिशीपुढच्या शिक्षकाला एवढा आधार पुरे आहे.

आधी मातीकडे वळू. आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या पंचक्रोशीत यात्रेच्या फडात बसलेल्या जुन्या माणसांची एक ठाम समजूत आहे. घड्याळाने कुस्तीचा जीव घेतला, असे ती म्हणतात. पूर्वी कुस्ती निकाली होत असे. पाठ लागेपर्यंत पैलवान सुटत नसत. आता सहा मिनिटांत गुण मोजून हात वर करतात. ही तक्रार ऐकताना मान डोलवावीशी वाटते खरी. पण जुन्या कुस्त्यांचा वृत्तान्त पाहिला म्हणजे मान डोलवायची थांबते. १९१० साली लंडनला गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची गाठ पडली. घड्याळाचा जाच नव्हता. झ्बिस्कोने काय केले? तो पोटावर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलटवू पाहत होता आणि अखेर ती झुंज बरोबरीत सोडवावी लागली. पुढे १९२८ साली पतियाळास याच झ्बिस्कोला गामाने एका मिनिटाच्या आत आस्मान दाखविले, तो भाग वेगळा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तर मार्टिन क्लाइन आणि अल्फ्रेड असिकाइनेन हे दोघे ११ तास ४० मिनिटे झुंजले. क्लाइन जिंकला, परंतु इतका थकला की अंतिम कुस्तीला उभाच राहू शकला नाही. घड्याळ नसले म्हणजे शौर्याला मोकळे रान मिळते, असे मानणाऱ्यांनी या दोन कुस्त्या मनातल्या मनात पुन्हा एकदा बसून पाहाव्यात. सगळ्या ११ तासांसह.

तेव्हा घड्याळ आले ते उगीच आले नाही. पण ते आल्याबरोबर दुसरी गोम निघाली. ज्याच्याकडे एक गुण अधिक, तो शेवटच्या मिनिटात कुस्ती करीत नाही. तो वेळ घालवतो. गादीवरच्या नियमांचा सारा इतिहास म्हणजे या वेळकाढूपणाच्या मागे लागलेल्या पंचांचा इतिहास आहे. आज तीन तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, गादीबाहेर पाऊल पडले तर समोरच्याला एक गुण, आणि जो नुसता धरून राहील त्याला ताकीद देऊन पुढच्या तीस सेकंदांत गुण मिळविण्याची सक्ती, अशी व्यवस्था आहे. २००५ ते २०१३ या काळात तर दोन मिनिटांचा डाव कोरा गेला की पिशवीतून रंगीत चेंडू काढीत. ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याने समोरच्याचा पाय धरून सुरुवात करायची! लेखक म्हणून सांगतो, कथानक अडले म्हणजे लॉटरीचे तिकीट लावून सोडवणाऱ्या कादंबऱ्या मी वाचल्या आहेत. त्यांची मला या नियमामुळे आठवण होई. २०१३ च्या फेब्रुवारीत ऑलिंपिकमधून कुस्ती गाळण्याची शिफारस झाली, तेव्हा कुठे धावाधाव होऊन हे नियम बदलले आणि सप्टेंबरात कुस्ती परत आत आली.

आता पडदा. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ पासून या खेळांचा साचा ठरला आहे. वर दोघांच्या प्राणशक्तीच्या दोन पट्ट्या, मध्ये ९९ पासून उतरत जाणारा आकडा. आकडा शून्यावर आला की ज्याची पट्टी लांब तो विजयी. याचा परिणाम सांगायला ज्योतिषी नको. एक फटका मारावा आणि उरलेला वेळ पळत राहावे! झ्बिस्को पोटावर पडला, हा उड्या मारीत मागे सरकतो, वृत्ती एकच. ‘गिल्टी गिअर’ नावाच्या खेळात असे सतत मागे पळणाऱ्याची साठवलेली ताकद दंड म्हणून काढून घेतात. म्हणजे गादीवरच्या पंचाची ताकीद तिथेही यंत्राच्या रूपाने हजर आहे.

परंतु माझे मन गुंतले ते दुसऱ्याच एका खेळात. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा जपानी खेळ १९९९ सालचा. मासाहिरो साकुराई यांनी तो रचला. त्यात चौघे एकाच वेळी एका फळीवर झुंजतात. प्राणशक्तीची पट्टी नाही. उलट मार बसेल तशी टक्केवारी वाढत जाते, आणि टक्के जितके जास्त तितका मनुष्य फटक्यासरशी लांब उडतो. हद्दीबाहेर गेला की पडला. हा खेळ दोन रीतींनी खेळता येतो. एका रीतीत प्रत्येकाला मोजके प्राण मिळतात. ते संपले की बाजूला बसायचे. दुसरीत वेळ ठरलेली असते, पडलेला पुन्हा उभा राहतो, दुसऱ्याला पाडले की एक गुण, आपण पडलो की एक वजा.

हे वाचून ज्याला आपल्या मातीतले काही आठवले नाही, त्याने लहानपणी हुतुतू खेळलेला नसावा. आपल्या कबड्डीचे जुने तीन प्रकार आहेत: संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत मारलेला गडी बाहेरच राहतो, वेळेचे बंधन नाही, सारा संघ गारद होईपर्यंत खेळ. अमरमध्ये बाद झालेला गडी जागचा हलत नाही. गुण तेवढा मांडायचा, आणि वेळ संपली की बेरीज करायची. संजीवनी या दोहोंच्या मधली. आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की आपला एक जिवंत होतो. पुढे स्पर्धांतून संजीवनीच टिकली. साकुराई यांनी ही नावे ऐकलेली असण्याचे कारण नाही. पण त्यांच्या मोजक्या प्राणांचा खेळ म्हणजे गामिनी आणि वेळेचा खेळ म्हणजे अमर, हे शाळेच्या पटांगणावर शिट्टी फुंकलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

या दोहोंत उजवा कोणता? मोठ्या स्पर्धांतून मोजक्या प्राणांचीच रीत चालते, आणि जाणकार वेळेच्या रीतीला नाके मुरडतात. त्यांचे म्हणणे मला एकदा घरीच पटवून मिळाले. दिवाळीच्या सुटीत पुण्याहून भाचा हे यंत्र घेऊन आला होता. चार पोरे बसली. खेळ संपला आणि भाचा ओरडला, “मामा, सगळ्यांना अर्धमेलं मी केलं, आणि गुण हिला!” हिला म्हणजे माझ्या धाकटीला. ती शांतपणे म्हणाली, “मग शेवटचा फटका कुणी मारला?” तिचे नियमाने बरोबर होते. या रीतीत शेवटी धक्का देणाऱ्याला पूर्ण गुण मिळतो. ज्याने शंभर टक्के मार दिला त्याच्या पदरात शून्य. गादीवर असे घडत नाही. तिथे ताबा घेतला तर दोन आणि उभ्याने उचलून धोक्याच्या स्थितीत टाकले तर चार, अशी डावाची किंमत डावागणिक ठरते. शिवाय या खेळात चालू झुंजीत गुण पडद्यावर न दाखविण्याची सोय आहे. त्यामुळे कोण पुढे आहे हे ठाऊक नसते आणि पळ कोणी काढीत नाही. गादीवाल्यांना इतक्या वर्षांत जे साधले नाही ते इथे फळा झाकून साधले. ही युक्ती मला मनापासून आवडली.

आणि धाकटीचा विचार करा. गामिनीच्या रीतीने खेळले असते तर ती पहिल्या मिनिटात बाद होऊन बशीतल्या चकल्या मोजीत बसली असती. तेव्हा जाणकार काहीही म्हणोत, चार पोरांच्या घरात मी अमरच्या बाजूचा आहे.

राहता राहिला निकालीचा अभिमान. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण द्यावेत की दोन, यावर राज्यभर वाद झाला. लोक म्हणाले, पाहा, गुणांचा घोळ! मग २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला काय झाले? शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत पंचांनी राक्षेला चितपट दिले. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे त्याचे म्हणणे. आणि संतापाच्या भरात पंचांना लाथ बसली. त्याच रात्री अंतिम कुस्तीत मोहोळपुढे गायकवाड निर्णय न पटून काही सेकंद उरले असता गादी सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. लाथ बसली ती घड्याळावरून नव्हे, गुणांवरूनही नव्हे. ज्या चितपटीला आपण वादातीत समजत आलो, तिच्यावरून बसली. याउलट त्या आधीच्या, नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम कुस्तीत सिकंदरने राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केले, तेव्हा घड्याळाचे कोणाला भानही नव्हते.

पडद्यावरच्या खेळात पंचच नाही, म्हणून लाथ नाही. बरोबरी झाली तर ‘स्मॅश’मध्ये बरोबरीवाल्यांना ३०० टक्के मार बसलेल्या अवस्थेत समोरासमोर उभे करतात, एका फटक्यात निकाल. गादीवर बरोबरी असल्यास मोठ्या डावाचा गुण कोणाचा, ताकिदी कोणाला कमी, आणि शेवटी अखेरचा गुण कोणी घेतला, हे पाहतात. आमच्या यात्रांतून अजून एक तिसरीच रीत आहे: आधी निकाली लावतात, निकाल लागेना म्हणजे पंच मध्येच पुकारतात की आता गुणांवर. ते किती मिनिटांनी पुकारायचे हे पंचांच्या मनात असते, आणि इनामाचा आकडा मोठा असला की त्या मनाविषयी फडात कुजबुज सुरू होते. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत यात्रा कमिटी पागोटी, फेटे, हलगी, सगळ्याला खर्च करते. एक भिंतीवरचे मोठे घड्याळ घेऊन ते पंचांच्या मागे, सगळ्या फडाला दिसेल असे टांगावे, एवढीच माझी सूचना आहे. ती पुढल्या यात्रेच्या बैठकीत मी मांडणार आहे.